अनुदानास पात्र कोण?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आम्ही आज निवडलेला विषय वरून पाहता निराळा दिसेल. परंतु थोडे पुढे गेल्यावर तो आमच्याच घरचा आहे असे आपणांस आढळून येईल. कला आणि उत्सव यांसाठी सरकार, महापालिका आणि सार्वजनिक मंडळे जे अनुदान देतात, ते कोणाला मिळावे व कोणाला मिळू नये हे ठरविणारे काही नियम असतात. त्या नियमांचा विचार आज करावयाचा आहे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. कलेतील बारकावे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण अर्ज, नियम, पोटनियम आणि "सबब अपात्र" हा शेरा यांच्याशी आमची तीस वर्षांची ओळख आहे. तेवढ्या भांडवलावर आम्ही बोलणार आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही नियमांच्या विरुद्ध नाही. वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचे नाव आहे. या भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' हा खेळ केला आणि तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास सांगण्याची रीत पडली. तो खेळ उभा राहिला सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयावर. त्या काळी पात्रतेची अट एकच होती, आणि ती म्हणजे राजाची मर्जी. १८५१ साली राजेसाहेब निवर्तले, त्यांच्याबरोबर आश्रयही गेला, आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन पोटासाठी गावोगाव खेळ करीत फिरावे लागले. मर्जीवर चालणारी कला मर्जीबरोबर संपते. कामगाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. मालक दयाळू आहे म्हणून मिळालेली रजा आणि कायद्यात आहे म्हणून मिळालेली रजा यांत काय अंतर आहे हे त्याला पुरते ठाऊक असते. म्हणून दयेच्या जागी नियम आला ही प्रगतीच होय. प्रश्न एवढाच उरतो, की नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होते?

दुसरी गोष्ट पैशाची. अनुदान या शब्दात 'दान' आहे, आणि त्या दोन अक्षरांनी पुष्कळ घोटाळा केला आहे. घेणाऱ्याने हात जोडून उभे राहावे असे देणाऱ्याला वाटू लागते. पण हा पैसा कोणाचा? एक उदाहरण पाहू. मुंबई राज्याने १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा केला. आज ठिकठिकाणी जी कामगार कल्याण केंद्रे आहेत, ज्यांच्या नाट्यस्पर्धांतून आणि भजनस्पर्धांतून कितीतरी गिरणी कामगार रंगमंचावर उभे राहिले, ती या कायद्याची फळे. त्या निधीत प्रारंभी कशाची भर पडावयाची होती? कामगारांकडून वसूल केलेल्या दंडाची, आणि कामगाराने न उचललेल्या, कारखान्यात पडून राहिलेल्या पगाराची! बॉम्बे डाइंग कंपनी या तरतुदीविरुद्ध न्यायालयात गेली. डिसेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न उचललेल्या पगारापुरती ती तरतूद घटनाबाह्य ठरविली, आणि पुढे कायद्याची दुरुस्ती झाली. आज कामगार, मालक आणि सरकार हे तिघे या निधीत वर्गणी भरतात. म्हणजे कामगाराच्या नाटकाला जो पैसा मिळतो त्याच्या मुळाशी कामगाराचाच घाम आहे. सरकारी व पालिकेच्या अनुदानाचेही तेच. काडेपेटी घेणारा माणूससुद्धा कर भरतो. तेव्हा आपण येथे भिक्षेच्या अटींची चर्चा करीत नसून वाटपाच्या अटींची चर्चा करीत आहोत.

तरीही कायद्याच्या दृष्टीने कलेचा हक्क दुबळा आहे, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ खाली पालिकेची बंधनकारक कर्तव्ये येतात. त्यांत रस्ते, पाणी, दिवे, गटारे आहेत. कलम ६६ खाली ऐच्छिक कामे येतात, आणि समारंभ, करमणूक, नाट्यगृह यांची सोय त्या बाजूला लागते. नळाला पाणी आले नाही तर नागरिक जाब विचारू शकतो. भजनी मंडळाला मृदंग मिळाला नाही तर जाब कोणत्या कलमाखाली विचारणार? जेथे कायदा ऐच्छिक असतो तेथे पात्रतेचे नियम हाच खरा कायदा होऊन बसतो. म्हणून ते नियम बारकाईने वाचण्याची गरज आहे.

हे नियम काय मागतात? बहुतेक ठिकाणी यादी सारखीच असते. संस्था नोंदलेली असावी. म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसांनी एकत्र यावे, घटना लिहावी, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद करावी. कार्यकारिणी बदलली की फेरफार अर्ज द्यावा. मागील काही वर्षांचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावेत. संस्थेच्या नावे बँकेत खाते असावे. कार्यक्रमांची छायाचित्रे व वर्तमानपत्रांतील कात्रणे जोडावीत. आणि पुष्कळदा, खर्च आधी स्वतः करावा व पावत्या दाखवून पैसे नंतर मागावेत. यातली एकेक अट सुटी घेऊन पाहिली तर तिच्याशी भांडता येत नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब हवा, यात शंका ती काय? पण सगळ्या अटी एकावर एक रचल्या की भिंत तयार होते, आणि भिंतीपलीकडे कोण राहिले हे पाहावयास नियम लिहिणारा येत नाही.

कोण राहिले ते पाहावयास आपल्याला लांब जावे लागत नाही. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्यात आल्या. त्या गावांत आगरी आणि कोळी समाजाची वस्ती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीन धवले गाते, आणि तिच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नाही. या बाईची संस्था कोणती? तिची घटना कोणती? तिने कार्यक्रमाची कात्रणे ठेवली आहेत काय? महाराष्ट्र सरकारची वयोवृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि मानधन महिना ५,००० रुपये झाले. योजना चांगली आहे. एकट्या माणसाला ती मिळू शकते, संस्था लागत नाही. पण वयाची पन्नाशी, उत्पन्नाची मर्यादा आणि कलेतली पंधरा वर्षांची सेवा या गोष्टी कागदावर सिद्ध कराव्या लागतात. चाळीस वर्षे गावातल्या प्रत्येक मांडवात गायलेल्या बाईपाशी एकही कागद नसतो, कारण मांडवात पावती फाडण्याची पद्धत नाही. तिचे साक्षीदार सारे गाव आहे. परंतु अर्जात गावाला जोडता येत नाही.

दुसरे उदाहरण कोपरखैरणे, घणसोली येथील माथाडी वस्त्यांचे. मसजिद बंदरावरचे बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे आले आणि त्यांच्यामागोमाग साताऱ्या-पुण्याकडचा कष्टकरी येथे राहावयास आला. दिवसभर पोती वाहणारा हा माणूस एकादशीला टाळ घेऊन उभा राहतो. अशाच एका भजनी मंडळाची हकीकत सांगतो. त्यांनी पखवाज आणि पेटीसाठी एका सार्वजनिक संस्थेकडे अर्ज केला. उत्तर आले, की मंडळ नोंदलेले नाही. त्यांनी वर्गणी काढली, वकील गाठला, नोंदणी केली आणि पुन्हा अर्ज केला. उत्तर आले, की मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब जोडावेत. नुकतेच नोंदलेले मंडळ मागील तीन वर्षांचे हिशेब कोठून आणणार? शेवटी त्यांनी भिशीतून पखवाज घेतला. अपात्र ठरलेल्या मंडळाचे भजन थांबले नाही, हे खरे. पण नोंदणीवर गेलेल्या पैशात निम्मी पेटी आली असती.

तिसरे उदाहरण ठाणे-बेलापूर पट्ट्यातले. कामगार कल्याणाच्या स्पर्धेत उतरावयाचे तर त्या कामगाराचा निधी कापला गेला पाहिजे. तत्त्व बरोबर आहे. पण कंत्राटदाराने निधी भरलाच नाही, तर शिक्षा कोणाला होते? कंत्राटदार मोकळा राहतो. ज्या पोराला नाटकात काम करावयाचे आहे ते पोर बाहेर बसते. यंत्रावर तो कामगार आहे, रंगमंचावर तो कामगार नाही!

या नियमांची कसोटी लावावयाची तर आम्ही एक जुने कलापथक पुढे करतो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ च्या सुमारास उभे राहिले. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची. कलापथकाचे आश्रयदाते म्हणजे चाळीतले आणि गिरणीच्या दारातले श्रोते. पुढे सरकारने त्यांच्यावर बंदीही घातली. २००२ साली भारताच्या टपाल खात्याने अण्णाभाऊंचे तिकीट काढले. आजच्या अर्जाचा नमुना त्यांच्यापुढे ठेवला असता तर किती रकाने भरले गेले असते? मेल्यावर तिकिटास पात्र आणि जिवंतपणी अनुदानास अपात्र, अशी माणसे ज्या नियमांतून निघतात त्या नियमांत काहीतरी मूलभूत चूक आहे.

आता ही चूक कोठे आहे ते सांगतो. आणि त्यासाठी आमच्या शहरातल्याच एका कायद्याकडे वळतो. १९६९ पूर्वी हमालाला कोणताही कामगार कायदा लागत नसे. का? कारण त्याला मालक नव्हता. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही, मुकादमाचा आहे. मुकादम म्हणे, मीही पोतीच वाहतो. प्रत्येक कायदा विचारी, "तुझा मालक कोण, पुरावा आण". आणि पुरावा नसल्याने हमाल अपात्र ठरे. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या झगड्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने काय केले? त्याने हमालाला मालक शोधावयास लावला नाही. त्याने मंडळ स्थापन केले, आणि नोंदवही मंडळाच्या हाती दिली. मंडळाने टोळी नोंदवावी, व्यापारीही नोंदवावा, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने कामगाराला द्यावी. पात्रता ठरू लागली ती प्रत्यक्ष काम करण्यावरून. पोते पाठीवर आहे ना? मग हा माथाडी. या मंडळांच्या कारभारात दोष शिरले, खोटी नावे शिरली, अशा तक्रारी पुढे झाल्या. त्या आम्ही नाकारीत नाही. पण त्यामुळे कोणी शहाणा माणूस १९६८ ची स्थिती परत मागणार नाही.

कलेच्या अनुदानात आपण अजून १९६८ मध्ये आहोत. अनुदान देणारा दारात बसतो आणि घेणाऱ्याने नोंदणी घेऊन यावे अशी अपेक्षा करतो. वस्तुतः कोण गातो, कोण नाचतो, कोणत्या गावात कोणते सोंग निघते, याची नोंद ठेवणे हे देणाऱ्याचे काम आहे. आमचे सारे म्हणणे या एका वाक्यात येते.

बाहेरच्या जगात याहून निराळी वाट कोणी चोखाळली नाही काय? अमेरिकेत मोठ्या मंदीच्या काळी, १९३५ साली, तेथील केंद्र सरकारने बेकार नटांसाठी फेडरल थिएटर प्रोजेक्ट काढले. नियम असा, की दहांपैकी नऊ माणसे सरकारी मदतीच्या यादीवरची, म्हणजे बेकार असली पाहिजेत. किती वर्षांची संस्था आहे हे न विचारता तुला काम आहे की नाही हे विचारले गेले. हजारो नट, सुतार, शिंपी, वादक कामाला लागले. यालाही दुसरी बाजू होती. त्या यादीवर येण्यासाठी आधी आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागे, आणि ते स्वाभिमानी माणसाला झोंबते. आपल्याकडच्या उत्पन्नाच्या दाखल्याची तीच कथा. राजकीय विरोधामुळे १९३९ साली हा उपक्रम बंद पडला. तरी चार वर्षांत एक गोष्ट दिसली. नियम माणसासाठी वाकवता येतो.

आपल्याकडेही वारा थोडा बदलला आहे. २०२५ साली राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्याच वर्षी १,८०० भजनी मंडळांना साहित्यासाठी प्रत्येकी २५,००० रुपये देण्याचे ठरले. हिशेब केला तर साडेचार कोटी होतात. तमाशाचे फड, दशावतार, खडीगंमत, शाहिरी यांसाठीही राज्याची अनुदान योजना आहे, आणि तीत पूर्णवेळ फड व हंगामी फड असा भेद केलेला आहे. हंगामी माणसालाही पोट असते हे तेथे ओळखले गेले, याचे आम्ही स्वागत करतो. पण अर्ज संगणकावरून करावयाचा असतो. ज्याच्यापाशी पखवाजाला पैसे नाहीत त्याला अर्ज भरून देणारा माणूस प्रत्येक प्रभाग कार्यालयात बसविला तर त्या २५,००० रुपयांना काही अर्थ येईल.

येथे आपल्यातले काही श्रोते मनात म्हणत असतील, की अटी ढिल्या केल्या तर कागदी मंडळांचा सुळसुळाट होईल, आणि गल्लीतला पुढारी सगळे पैसे नेईल. शंका रास्त आहे. पण अनुभव उलट आहे. कडक कागदपत्रांनी लबाड अडत नाही. त्याच्यापाशी लेखापरीक्षक असतो, वकील असतो, पाच नोंदलेल्या संस्था खिशात असतात. कागदाने अडतो तो खरा गाणारा. लबाडाला अडवायचे तर उजेड हवा. कोणाला किती दिले आणि कोणाला का नाकारले, या दोन्ही याद्या पालिकेच्या दारावर लावा. वस्तीला ठाऊक असते की कोणते मंडळ गाते आणि कोणते फक्त फलक लावते.

नोंदणीवाचून पैसा कसा द्यावा, असे विचारणाऱ्यांना आम्ही बचत गट दाखवतो. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. दहा-वीस बायका एकत्र येतात, वहीत हिशेब लिहितात, ठराव करतात, आणि नोंदणी नसतानाही बँक त्यांना कर्ज देते. बँक जर सामाईक जबाबदारीवर कर्ज देऊ शकते, तर सरकारने त्याच जबाबदारीवर मृदंग का देऊ नये?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या धंद्याचा. अनुदानाच्या अर्जात सर्व काही विचारतात. कलावंताला मजुरी किती देणार, हे क्वचित विचारतात. खर्च झाल्यावर पावत्या मागतात. मांडववाल्याची छापील पावती असते, ध्वनिक्षेपकवाल्याची असते, फलक छापणाऱ्याची असते. ढोलकीवाल्याची नसते. परिणाम असा होतो, की कलेच्या नावाने निघालेला पैसा मांडवात आणि फलकात जिरतो, आणि ज्याच्यासाठी लोक जमले त्याला शाल आणि नारळ मिळतो. पडदा ओढणाऱ्याला आणि रात्री सामान उचलणाऱ्याला तोही नाही. केंद्र सरकारच्या एका योजनेत नाट्य-नृत्य संस्थांना गुरूमागे व शिष्यामागे दरमहा ठरावीक मानधन दिले जाते. गुरूला १५,००० आणि प्रौढ शिष्याला १०,००० रुपये. माणशी हिशेब करणे अशक्य नाही, हे त्यावरून दिसते.

म्हणून आमच्या मागण्या पाच आहेत, आणि त्या आम्ही येथे मुद्दाम मांडतो. लहान रकमांसाठी नोंदणीची अट काढावी; सात प्रौढ माणसांची ओळख, ठराव आणि सामाईक जबाबदारी पुरेशी मानावी. मोठ्या रकमांसाठी लेखापरीक्षण राहू द्यावे. कात्रणांऐवजी पालिकेच्या माणसाने मंडळाच्या जागी जाऊन भजन ऐकावे, धवला ऐकावा, आणि तसा दाखला स्वतः लिहावा. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, कारण ज्याच्यापाशी आधी खर्च करण्याची ऐपत आहे त्याला अनुदानाची निकड कमी असते. कलावंत आणि पडद्यामागचे कामगार यांच्या मजुरीचा रकाना अर्जात घालावा, आणि तो रिकामा ठेवणारी संस्था, कितीही जुनी असली तरी, अपात्र ठरवावी. नकार दिला तर कारण लेखी द्यावे आणि दाद मागण्याची जागा दाखवावी.

यातील एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. नियम ठरावाने झाले आहेत, ते ठरावाने बदलतात. ऐंशी पानांच्या करारातला एक शब्द बदलून घेण्यासाठी आम्ही महिनेच्या महिने दारात बसलो आहोत. येथे तर चार-पाच ओळींचा प्रश्न आहे. आपण सुशिक्षित नागरिक येथे बसला आहात. आपल्यापैकी प्रत्येकाच्या इमारतीच्या मागे, गावठाणात किंवा माथाडी चाळीत, एखादे मंडळ रात्री भजनाला बसते. त्यांचा अर्ज एकदा आपण भरून द्या. तो परत आला तर शेरा वाचा, आणि तो शेरा घेऊन आमच्याबरोबर पालिकेत चला.